फोडणीशिवाय तडतड

आमच्या घरात इंडक्शनची शेगडी हौसेनं आली नाही. सासूबाईंना वास येईनासा झाला, म्हणून ती आणावी लागली.

२०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरातले चौघंही आजारी पडलो. बाकी तिघांचा वास पंधरा-वीस दिवसांत परत आला. आईंचा काही आला नाही. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) निपाणीचं घर बंद करून त्या वर्षभरापूर्वीच आमच्याकडे बंगळुरूला राहायला आल्या होत्या. वय बहात्तर, हातपाय धड, डोळे चांगले, कान तर आमच्यापेक्षा तिखट. फक्त नाक मुकं झालं होतं.

वास गेला म्हणजे जेवणाची गंमत गेली, एवढंच आधी वाटलं. पुढचं हळूहळू लक्षात आलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्केप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे गॅसच्या चुलीची निम्मी सुरक्षितता माणसाच्या नाकावर सोपवलेली असते. एका दुपारी समोरच्या घरातल्या बाई बेल वाजवत आल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘गॅसचा वास येतोय हो तुमच्याकडून.’ सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग चिरली होती. आई त्याच स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या.

संध्याकाळी घरात बैठक भरली. नवरा म्हणाला, ‘आई, आता तू स्वयंपाक नको करूस. आपण बाई लावू.’ आई म्हणाल्या, ‘लाव की बाई. पण मग मी दिवसभर काय करू, ते पण सांगून ठेव.’ त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं टेस्टिंगला होते. घरातलं काही बिघडलं की ते माझ्या पुढ्यात येतं. चूल बदलायचं कामही तसंच माझ्याकडे आलं.

शेगडी आली आणि पहिल्याच दिवशी तिनं आईंचा निम्मा संसार नाकारला. पितळेचं पातेलं ठेवलं, तिनं टुंटुं करून नकार दिला. जर्मनची कढई ठेवली, पुन्हा नकार. तांब्याच्या बुडाचं भांडं, तेच. आई म्हणाल्या, ‘ही सोवळ्यातली दिसते.’

त्यांना मी समजावून सांगितलं ते असं. काचेखाली तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज धावते, आणि तिच्यामुळे वर बसलेल्या भांड्याच्या बुडात विजेचे लहान लहान भोवरे उठतात. तापतं ते भांडं. काच तापते ती भांड्यामुळे. यातलं मूळ तत्त्व मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलं. लोखंडात हे भोवरे बुडाच्या पातळ थरात दाटीवाटीनं फिरतात आणि अडखळतात, म्हणून ते तापतं. तांब्या-ॲल्युमिनियममधून वीज इतकी सहज वाहते की उष्णता फारशी होतच नाही. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्रिजवरचं गणपतीचं लोहचुंबक काढून मांडणीतल्या एकेका भांड्याच्या बुडाला लावायला सुरुवात केली. जे चिकटलं ते खालच्या फळीवर, जे नाही ते वर. दुपारभर हे चाललं होतं. संध्याकाळी वरची फळी गच्च भरली होती आणि खालच्या फळीवर पाच भांडी होती.

भाकरीचा प्रश्न मोठा होता. त्यांचा निपाणीचा तवा लोखंडाचाच, चुंबक घट्ट धरणारा, पण मध्ये खोलगट. काचेवर त्याचा फक्त मधला बिंदू टेकायचा आणि भाकरी मध्ये करपून कडेला कच्ची राहायची. तव्याचं उत्तर कन्नड स्वयंपाकघरात सापडलं. इथं डोशासाठी बिडाचा जाड, सपाट तवा असतो, त्याला ‘दोसे कल्लु’ म्हणतात. कल्लु म्हणजे दगड. के. आर. मार्केटच्या बाजूनं तो आणला. बूड अगदी सपाट, काचेवर नीट बसलं. त्याची रीत मात्र पाळावी लागते. तो उचलून ठेवायचा, काचेवरून ओढायचा नाही. आणि सुरुवातीला मंद आच द्यायची, कारण एकदम जोराचा ताप दिला तर बीड तडकू शकतं. जाळावर भाकरी शेकता येत नाही, तेव्हा आई ओल्या फडक्यानं ती तव्यावरच दाबत फिरवतात. फुगते. ‘जाळावरची न्हवं, पण भाकरीच हाय,’ असं त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं. त्यानंतर भाकरीची तक्रार झाली नाही.

या शहरात वीज लवकर आली, असं अभिमानानं सांगतात. १९०२ साली शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून जवळपास दीडशे किलोमीटर तारा ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज दिली गेली. १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पण जुन्या घरांतली वायरिंग दिवे, पंखे आणि फार तर मिक्सर यांच्या हिशेबानं केलेली आहे. ती चुलीच्या हिशेबाची नाही. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरावर असताना २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढते. ओट्याजवळचा लहान सॉकेट असतो सहा अँपिअरचा. जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही, म्हणून लोक बाजारातून जोडपिन आणतात आणि पुढे तीच जोडपिन वितळते. २०२३ च्या ऑगस्टपासून ‘गृहज्योती’ योजनेत दोनशे युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना वीजबिलात सूट मिळू लागली. घराच्या आधीच्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून येणाऱ्या युनिटांपर्यंत बिल शून्य. त्यानंतर आमच्या गल्लीत इंडक्शनची संख्या वाढलेली मी पाहिली. आमची शेगडी दिवसाला दीड-दोन युनिट खाते, म्हणजे महिन्याला पन्नास-साठ. तो हिशेब प्रत्येक घर करतं. सॉकेटचा हिशेब फारसं कुणी करत नाही.

आमच्या शेगडीची रोजची निगा आईच ठेवतात. काम झालं की बटण बंद, पण भिंतीवरचा स्विच लगेच बंद करायचा नाही. आतला पंखा मिनिटभर फिरत राहतो आणि वेटोळ्याची, पाटीवरच्या भागांची ऊब बाहेर टाकतो. त्याला ते काम पुरं करू द्यायचं. मग प्लग काढायचा, काच कोमट झाली की ओल्या फडक्यानं पुसायची. तारेची घासणी चालत नाही. आमच्याकडे कावेरीचं पाणी आठवड्यातून दोन-तीनदा येतं, बाकी वेळ बोअरचं. ते इतकं जड आहे की एक थेंब वाळला तरी काचेवर पांढरं कडं उमटतं. त्यावर पिळलेल्या लिंबाची साल फिरवली की कडं सुटतं. गुळाचा पाक किंवा पुरण उतू गेलं तर मात्र थांबायचं नाही. भांडं बाजूला घेऊन शेगडी बंद करायची आणि काच गरम असतानाच, हात सांभाळून, लाकडी उलथन्यानं ते काढायचं. साखर काचेवर थंड झाली की काचेचा कपचाच घेऊन निघते.

झुरळं हा वेगळा विषय आहे. आतल्या उबेला ती पोटाखालच्या झरोक्यांतून शिरतात आणि पाटीवरच्या दोन टाक्यांमध्ये अडकून सर्किट शॉर्ट करतात. म्हणून रात्री शेगडी ओट्यावर आडवी ठेवायची नाही. कोरडी करून, उभी, मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवायची. ती जागा चुंबकानं नाकारलेल्या पितळेच्या पातेल्यांमध्ये आहे.

शेगडी मध्येच बंद पडली की घरात जुनी बैठक पुन्हा भरते. ‘बघ, मी म्हणत होतो, बाई लावू या.’ म्हणून मला ती लवकर दुरुस्त करावी लागते. मोटारीच्या दुरुस्तीला चार दिवस लागले तर माणूस रिक्षानं जातो. इथं चार दिवसांत आईंच्या हातातलं काम निघून दुसऱ्याच्या हातात जाईल आणि ते परत मिळवणं कठीण होईल, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

कारखान्यात मी एक गोष्ट शिकले. यंत्र बंद पडलं म्हणजे बिघडलंच असं नसतं. पुष्कळदा ते स्वतःला वाचवत असतं. काचेच्या मध्यभागी खालून एक थर्मिस्टर टेकवलेला असतो. काच फार तापली की तो खबर देतो आणि शेगडी थांबते. रिकामी कढई विसरली, झरोक्यासमोर डबा आला, पंख्यावर चिकट धूळ बसली की असं होतं. विजेचा दाब फार उतरला किंवा चढला तरी ती थांबते. पडद्यावर आकडा येतो. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, म्हणून आमच्या पुस्तिकेतलं पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. आकडा आला की प्लग काढायचा, दहा मिनिटं निवू द्यायचं, झरोके पाहायचे, दुसरं भांडं ठेवून पाहायचं. बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं.

आईंनी याच्या आधीची एक पायरी शोधली. त्या ऐकतात. मंद आचेवर शेगडी खरं तर मंद होत नाही, काही क्षण चालते, काही क्षण थांबते. तो बारीक टक् आवाज त्यांना पाठ झाला आहे. ‘दम घेत घेत चालतीय’ असं त्याला त्या म्हणतात. थर जोडून केलेल्या बुडाचं स्वस्त पातेलं जोराच्या आचेवर किणकिणतं, ते थर किंचित सुटलेले असल्यामुळे, हेही त्यांनी ओळखलं. दीड वर्षापूर्वी एकदा म्हणाल्या, ‘पंखा नीट न्हाई. सुरू होताना चरचरतोय.’ शेगडी तर व्यवस्थित चालत होती, कुठलाही आकडा नव्हता. मी उघडली. पंख्याच्या पात्यांवर तेलाची आणि पिठाची साय बसली होती आणि बेअरिंग सैल झालं होतं. अजून महिनाभरात तो अडकला असता आणि मग आतला मुख्य ट्रान्झिस्टर तापून गेला असता. आयजीबीटी म्हणतात त्याला. वेटोळ्यातली वीज तोच चालू-बंद करतो. पंखा बदलला. जुनं बेअरिंग आईंनी कानाशी फिरवून पाहिलं.

खरा बिघाड एकदाच झाला. एप्रिलमधल्या वळवाच्या पावसात गल्लीत गुलमोहराची फांदी तारांवर पडली आणि न्यूट्रल तुटली. तीन फेजच्या पुरवठ्यात असं झालं की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत दाब तीनशे व्होल्टच्या वर जातो. आम्ही दुसऱ्या प्रकारात होतो. शेगडीतून फट् असा आवाज आला आणि ती गप्प झाली. दुरुस्ती केंद्राला फोन केला तर उत्तर मिळालं की सुटे भाग बदलत नाही, अख्खी पाटी बदलावी लागेल. तिची किंमत नव्या शेगडीच्या दोन-तृतीयांश. २०२२ साली केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, वेबसाइटही काढली. पण आमच्या ओट्यापर्यंत तो हक्क अजून पोचायचा होता. आई म्हणाल्या, ‘पाटी तरी बदलून मिळतीय. माझ्या नाकाचं तेवढं विचार की त्यांना.’

मी शेगडी उघडली. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्यांनी हे काम शिकलेलं नाही त्यांनी झाकण उघडू नये. घरातली २३० व्होल्टची वीज आत सरळ करून घेतली की तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो आणि प्लग काढल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये काही वेळ टिकून राहू शकतो. तो उतरवून, मोजून, मगच हात घालायचा. आत फ्यूज काळा पडला होता आणि शेजारचा व्हॅरिस्टर फुटून दुभंगला होता. त्याचं कामच ते. दाब चढला की तो स्वतः वीज ओढून घेतो, फ्यूज उडवतो आणि मागच्यांना वाचवतो. आयजीबीटी मीटरवर शाबूत दिसला. दुसऱ्या दिवशी सदर पत्रप्पा रोडवर गेले. या रस्त्याला सगळे एस. पी. रोड म्हणतात. हाताएवढ्या दुकानांत हजारो खणांमधून सुटे भाग काढून देणारी माणसं तिथं बसलेली असतात. दुकानदारानं ‘एनु बेकु मेडम?’ म्हणत जुना तुकडा हातात घेतला, त्यावरचा आकडा वाचला आणि मागं न बघता योग्य खणात हात घातला. फ्यूज आणि व्हॅरिस्टर मिळून पन्नास रुपयांच्या आत आले.

टाका मारून झाल्यावर मी शेगडी थेट विजेला लावली नाही. शंभर वॅटचा बल्ब मध्ये जोडून लावली. आत कुठं शॉर्ट उरला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी सगळं वाचतं. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला, शेगडी टुंटुं बोलली. त्या रात्री पिठलं झालं. नवरा बाईचा विषय न काढता दोन भाकऱ्या जास्त जेवला.

आता आईंच्या वासाकडे येते, कारण शेवटचा प्रसंग त्याच्याशी बांधलेला आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना एक व्यायाम दिला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि नीलगिरी यांचे वास दिवसातून दोनदा, मन लावून घ्यायचे. महिनोन्‌महिने त्यांनी ते केलं. वास परत आले, पण वाकडे आले. लवंग फिकट, लिंबू अधूनमधून, आणि फिल्टर कॉफी, भाजलेला कांदा, लसूण यांचा वास जळक्या रबरासारखा. करोनानंतर असं पुष्कळांचं झालं आहे. त्यामुळे घरात रोज सकाळी त्या ‘काहीतरी जळतंय’ म्हणायच्या आणि आम्ही ‘कॉफी आहे, आई’ म्हणायचो. पुढे पुढे आम्ही मान वर न करता म्हणायला लागलो.

गेल्या श्रावणातल्या एका सकाळी त्या म्हणाल्या, ‘जळतंय.’ नवरा पेपरातूनच म्हणाला, ‘कॉफी, आई.’ त्या थोडं थांबल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, ‘कॉफीचा वास मला बी कळतो आता. पण फोडणी घातली न्हाई, आणि तडतड कुठनं?’

मी उठले. शेगडीवर नुसतं पाणी होतं. ऐकायला गेलं तर पंख्याच्या घरघरीखाली अगदी बारीक, मधूनच येणारी तडतड होती. शेगडीतून नव्हे, भिंतीतून. मेनवरून वीज बंद केली आणि प्लग काढला. पिन हाताला सोसवेना आणि सॉकेटचं एक भोक तपकिरी झालं होतं. पिन धरून ठेवणारी आतली पितळी पट्टी रोजच्या काढघालीनं सैल झाली होती. सैल जोडात ठिणग्या पडतात, जोड तापतो, तापल्यानं आणखी सैल होतो. अशा वेळी एमसीबी पडत नाही, कारण वीज जास्त वाहतच नसते, तेवढीच वाहते. शेगडीच्या पडद्यावरही आकडा येत नाही, कारण दोष तिच्या बाहेर असतो. या दोषाची खबर द्यायला यंत्रात काहीच नसतं. माणसाला येणारा वास, हाताला लागणारी ऊब आणि आवाज, एवढंच.

त्याच दिवशी तो सॉकेट काढला. चांगल्या प्रतीचा सोळा अँपिअरचा नवा सॉकेट, बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, नीट अर्थिंग. काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं आणि स्क्रू मी स्वतः पुन्हा एकदा आवळले. आता दर महिन्याच्या एक तारखेला, अर्धा तास शेगडी चालल्यावर, ती बंद करून आई प्लगला हाताची मागची बाजू लावून बघतात. कोमट चालतो, गरम चालत नाही.

त्यानंतर घरात बाईचा विषय निघालेला नाही. आई ‘जळतंय’ म्हणाल्या की नवरा पेपर खाली ठेवतो. दहापैकी नऊ वेळा ती कॉफीच असते.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या हुबळीच्या काकू आपली शेगडी पदराखाली झाकून खाली घेऊन आल्या. मध्येच बंद पडते म्हणाल्या. मी स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेले. बाहेर आले तर आईंनी ती आमच्याच सॉकेटला लावली होती, वर दोसे कल्लु ठेवला होता आणि कान वाकडा करून त्या ऐकत होत्या. काकूंना त्यांनी हाताच्या खुणेनं गप्प बसवलं होतं.